वाऱ्याचे तोंड

सन एकोणीसशे अडुसष्टमध्ये कोल्हापुरातील एका नव्या वाचनालयाच्या छतावर अभियंता दिनकरराव इंगवले यांनी वारा पकडून खाली सभागृहात उतरविणारा मनोरा योजिला. परदेशी ग्रंथात पाहून त्यांनी नकाशात मनोऱ्याचे तोंड पूर्वेस काढले होते.

"सायेब, आपल्याकडं वारं मावळतीचं असतंय की," नबीलाल मिस्त्री अदबीने म्हणाले.

"मिस्त्री, तुम्ही नकाशा उलटा धरलाय," इंगवले सर्वांदेखत बोलले, तेव्हा गवंड्यांमध्ये हशा पिकला. पुढे कामानिमित्त ते पुण्यास गेले, ते थेट उद्घाटनालाच परतले.

भर वैशाखातील त्या दुपारी सभागृहात गार झुळूक खेळू लागली आणि टाळ्यांच्या गजरात इंगवल्यांच्या गळ्यात हार पडला. तो हार तसाच मिरवीत, आपली निर्मिती डोळे भरून पाहण्यास ते छतावर चढले आणि जागीच थिजले. मनोऱ्याचे तोंड पश्चिमेस होते.

पाठोपाठ वर आलेल्या नबीलाल मिस्त्रींकडे पाहण्याचे धैर्य त्यांना होईना.



मिस्त्रीच हळू आवाजात म्हणाले, "चुकी माझीच हाय सायेब, नकाशा उलटाच धरला हुता. तेवढं खाली कुनाला सांगू नगासा."