निळ्या काठाचा कप

पक्षप्रमुख साहेबांच्या बंगल्यावर निळ्या काठाच्या कपात चहा आला, की पाहुण्याचा पत्ता कट! तोंडावर गोड बोलायचं, पण याला पुन्हा आत सोडायचं नाही हे शिपायाला कपावरून कळायचं. ही शक्कल पक्षाच्याच एका आमदारांची, ते साहेबांचे सचिव असतानाची. आज तेच उमेदवारी मागायला बसले होते, आणि समोर आला निळा काठ. साहेब औषध घ्यायला आत जाताच आमदारांनी व्हरांड्यातून विरोधी पक्षाला फोन लावला, “मी तुमच्याकडे येतो. आत्ताच जाहीर करून टाका.” ते परतले, तर साहेबही निळ्या काठाच्याच कपातून पीत होते. “पांढरे कप फुटले हो सकाळी,” साहेब हसले. “उमेदवारी तुमचीच. बसा.” साहेबांमागच्या मुक्या टीव्हीवर आमदारांचा फोटो झळकला. त्यांची नजर कुठं खिळलीय ते बघायला साहेब सावकाश मागे वळले.