अठ्ठावन्न टक्के

दहावीचा निकाल लागून तीन तास झाले, तरी आईनं फेसबुकवर काहीच टाकलं नव्हतं. एरवी ती इरावतीच्या कांजिण्यांचासुद्धा फोटो टाकायची. "मला न विचारता टाकत जाऊ नकोस," म्हणून इरावती वर्षभर भांडत होती.

आज मात्र तिलाच राहवेना. "आई, अठ्ठावन्न टक्क्यांची लाज वाटली ना तुला?"

"अगं, लोक काहीबाही लिहितील. तुला वाईट वाटेल."

"मला की तुला?"

"मलाही," आई हळूच म्हणाली. मग इरावतीला जवळ ओढून तिनं दोघींचा फोटो काढला. "टाकू?"

आईनं पहिल्यांदाच विचारलं होतं. इरावतीनं फोटो पाहिला. दोघींचेही डोळे सुजलेले होते.

"नको," ती म्हणाली. "मला एकटीला पाठव."