गडग्यालगतचा लाल दगड

देशासाठी जमीन देणं हे पुण्यकर्म. त्यातही ती चुलतभावाची असेल तर मन अधिक प्रसन्न राहतं. सर्वेशने आपला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, सहदेवच्या परड्यात चार हात सरकवला होता आणि सहदेवचा दावा कोर्टात रखडला होता. तेवढ्यात युरेनियम शोधणारे साहेब आले. म्हणाले, "खोलवरचं गरम पाणी मुरून खडक बदलतो, लाल पडतो. युरेनियम तिथं सापडतं." सहदेवने तत्काळ गडग्यापलीकडचा लाल दगड दाखवला.

"जमीन कुणाची?"

"ह्या सर्वेशाची! गडग्यापर्यंत इंचन् इंच तेचीच. सरकारान खुशाल घेवची!"

सर्वेशने मोबाइल पुढे धरला. "दादा, परत एकदा सांग रे. वकिलाक व्हिडिओ धाडूचो आसा."



दगड जांभा निघाला. अख्ख्या मालवणात तोच आहे.