टेबल तिथेच राहील

मर्लने गाडी सुरुवातीच्या रेषेवर आणली आणि समोर पाहिलं. जुन्या धावपट्टीच्या त्या टोकाला, थांबायच्या चौकटीच्या पुढे तीसेक पावलांवर, त्याची बायको लव्हॉन टेबलावर पांढरं कापड अंथरत होती.

टेबल चर्चच्या बायकांचं, जॅम विकायचं. गेल्या सप्टेंबरातही ते तिथेच होतं, आणि मर्लचा काळा पिकअप चौकट ओलांडून, गवताचे गठ्ठे उडवून थेट त्यावर गेला होता. बायका वेळेवर पळाल्या म्हणून निभावलं. पण रानआलुबुखारांच्या जॅमच्या एकशे बत्तीस बरण्यांतली एकही वाचली नाही. तेव्हापासून दुकानात, पेट्रोल पंपावर, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा त्याला एकच प्रश्न विचारला जाई: मर्ल, ब्रेड आणलास का?

चूक त्याचीच होती, आणि खरं सांगायचं तर कॅन्ससच्या या भागातल्या सगळ्याच पुरुषांची होती. खेळ असा, की सुसाट यायचं आणि शंकूंनी आखलेल्या चौकटीत चारही चाकं उभी करायची. चौकट ओलांडली की वेग कितीही असो, बाद. तरी जो तो हिवाळाभर इंजिनच वाढवत बसतो. पळायची हौस सगळ्यांना, थांबायची कुणाला? मर्लची गाडी तीस वर्षांपूर्वी कारखान्यातूनच दांडगी आलेली. त्याने तिच्यात आणखी मोठं इंजिन बसवलं, आणि ब्रेक ठेवले जुनेच.

या हिवाळ्यात त्याने इंजिनला हात लावला नाही. मागचा ॲक्सल काढून जाडजूड ॲक्सल घातला, चारही चाकांना डिस्क ब्रेक लावले, दमलेले पाटे आणि शॉकअप बदलले.  ब्रेकची हवा काढायची वेळ आली तेव्हा लव्हॉन कोट चढवून आपणहून गॅरेजमध्ये आली आणि गाडीत जाऊन बसली. ते काम एकट्याचं नाही. एकाने आत पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून तेल आणि हवा बाहेर सोडायची.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं."

तीन संध्याकाळी दोघांत तेवढंच बोलणं झालं. तिसऱ्या संध्याकाळी पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट लागलं, तशी ती उतरून घरात निघून गेली.

आणि आज हे टेबल. यंदा झुडपांना फळ बेताचंच धरलं होतं. जेमतेम एकोणीस बरण्या झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या ती तिथे मांडत होती.

मैदानाची व्यवस्था पाहणारा डुएन खिडकीशी आला. मर्लला त्याने एकच फेरी दिली होती. गाडी पुन्हा चौकटीबाहेर गेली, तर फाटक कायमचं बंद. मर्ल म्हणाला, आधी ते टेबल हलव.

"सांगून पाहिलं," डुएन म्हणाला. "म्हणते, बाजूला उभी राहीन, पण टेबल तिथेच राहील. वर मला विचारते, पेडल मी दाबून पाहिलंय, तू दाबलंयस का?"

"मग?"

"मग काय. बायको तुझी आहे, तू समजाव. नाहीतर नीट थांब."

झेंडा खाली पडला. गेल्या वर्षी निघतानाच मागची चाकं बेडकासारखी उड्या मारत होती. आज ती जमिनीला चिकटून राहिली. पट्टी चाकांखालून झरझर सरत गेली. ब्रेक दाबायच्या लाल शंकूपाशी तो पोचला आणि त्याला दिसलं, की लव्हॉन बाजूला नाहीच. ती टेबलामागे उभी होती, हाताची घडी घालून.

मर्लने पेडलवर सगळं वजन टाकलं.

गाडीने नाक खाली घातलं. पट्टा छातीत रुतला. मागचा भाग तसूभरही आडवा सरकला नाही. मग सगळं एकदम शांत झालं आणि रबराचा वास आत शिरला.

पुढे पाहायची त्याला हिंमत होईना. एक माणूस पुढच्या चाकाशी वाकला, मग मागच्या चाकाशी गेला, गाडीला पूर्ण वळसा घालून आला. पुढची रेषा अजून हातभर लांब होती. चारही चाकं चौकटीत. डुएनने माइक तोंडाशी धरला, आणि तेवढ्यात कडेच्या एकूण एक गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. सहासष्ट वर्षांचा मर्ल स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता, आणि त्याचे डोळे वाहत होते.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. त्याने काच खाली केली.

लव्हॉनच्या हातात कागदी बशी होती, बशीत जाड कापलेला एक तुकडा, काठापर्यंत लाल जॅम लावलेला.

"ब्रेड मी आणलाय," ती म्हणाली.