पथ्य

शिक्रापूरच्या कंपनीत आहारावरचं व्याख्यान ऐकलं आणि विश्वजीतनं मटण-अंडी सोडली ती कायमचीच. दर रविवारी मांडवगणला आला, की वडिलांचं, आबांचं ताट बघून म्हणायचा, "आबा, पंच्याहत्तरी आली. बंद करा आता हे. हार्टवर ताण येतो."

आबा मटणाची नळी चोखत हसायचे. "आरं, माझा बाप हेच खाऊन नव्वद वर्सं जगला. तुझी मोडाची मटकी किती पुरतीया, बघू की!"

विश्वजीतची बायको सविता कुणाचीच बाजू घ्यायची नाही. नवऱ्यासाठी बिनतेलाची भाजी वेगळी करायची.

मार्चमध्ये कंपनीच्या गेटवरच विश्वजीतला झटका आला. बेचाळिसावं लागलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

तेराव्याला पाहुणे पांगले. तेरा दिवसांत आबांच्या गळ्याखाली धड घास उतरला नव्हता. ते ओसरीवर बसले होते, तेवढ्यात सविता धाकट्या लेकीचा हात धरून समोर आली.

"आबा, तुम्ही दोघं एवढं भांडायचा. आता तुम्हीच सांगा..."

आबांनी मान वर केली.

"हिला काय खायला घालू, म्हंजी ही जगंल?"