मागची तारीख

ईट गावाजवळच्या त्या शाळेत अकराही कॉम्प्युटरवर सकाळपासून एकच पाटी होती: ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही.’ शिष्यवृत्तीची साईट उघडेना. दुरुस्तीला बोलावल्यावर मी राउटर बदलला, केबल बदलली, ब्राउझर नव्यानं टाकला. शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यात लक्ष गेलं. आज चार मार्च, आणि तिथं गेल्या वर्षीची एकतीस डिसेंबर. तारीख चुकली की ब्राउझर साईटवर भरवसा ठेवत नाही, हे मला ठाऊक होतं. पण अकराही कॉम्प्युटर एकदम त्याच तारखेवर कसे गेले, ते काही सुधरेना.

“म्याच सकाळी मागं नेले,” शाळेचे क्लार्क आबाराव म्हणाले. त्यांच्या हातात आठवीतल्या हर्षालीचा फॉर्म होता. “शेवटची तारीख एकतीस डिसेंबर होती. पोरीला दाखला परवा मिळाला. उशिरा आलेला अर्ज आमी कायम मागची तारीख टाकूनच घेतो.”

“पण अकराही कशाला बदलले?”

“सगळे एकमेकांना जोडलेत न्हवं. एकानं जरी खरी तारीख सांगितली असती तर?”

मी तारीख दुरुस्त केली. साईट लगेच उघडली. ऑनलाइन फॉर्मच्या जागी लाल अक्षरांत एकच ओळ होती: ‘अर्जाची मुदत संपली आहे.’

आबारावांनी ती दोनदा वाचली. मग हातातल्या फॉर्मची हळूच घडी घातली.

“तुमी येईस्तोवर नुसतं उघडत नव्हतं, सर.”