जानकाबाईच्या सुया

नणंद सरूबाई घोडेगावाहून गळा काढतच उंबऱ्यात आली, आणि जानकाबाईला पहिल्यांदाच चहाला उठता येईना. पायात सुया व्हत्या.

कॅन्सर जानकाबाईला, आणि पावण्यांचा चहाबी जानकाबाईलाच. घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. अवसरी गावाची माया तर अशी, की भेटायला येणाऱ्यांच्या केळ्यांचा ढीग आढ्याला टेकला. म्हशीनंसुदिक केळं बघून तोंड फिरवलं. येणारा उशाशी बसायचा, तिच्या तोंडावर खोकायचा, ह्याच रोगानं कोण कोण गेलं ते रंगवून सांगायचा. कप चाटूनपुसून प्यायचा आणि जाताना म्हणायचा, "जिवाला जप गं बाई."

पुण्याच्या डॉक्टरनं केमोचा पुढचा डोस अडवून ठेवला व्हता. "पांढऱ्या पेशी लई कमी झाल्यात. आराम करा, गर्दी बंद." गर्दी बंद! भेटायला आलेल्याला दारातनं परत लावलं, तर गाव तोंडात शेण घालंल.

शेवटी लेक रवींद्रनं आळेफाट्याहून सुयांचा डॉक्टर आणला. त्यानं सुया टोचल्या. वाळल्या पाल्याची आंगठ्याएवढी विडी पेटवली आणि कातडीच्या वर धरून शेक द्यायला लागला. "चिनी इलाज हाय मावशी. आंगात ताकद येती." घर धुरानं भरलं, आणि त्या धुरातच सरूबाई उगवली.

"अगं वैनी, काय गं ही दशा! तुझ्यासाठी मी जीव देईन!"

"जीव ऱ्हाऊ द्या वन्सं. दोन सुया घ्या. भेटायला येणाऱ्यानंबी टोचून घ्यायच्या, तवाच गुण येतो. व्हय ना डॉक्टर?"

डॉक्टरनं तोंड उघडलं. जानकाबाईनं असे डोळे वटारले, की त्यानं ते मुकाट्यानं मिटलं.

"आज माजा उपास हाय गं," सरूबाई मागं सरकली.

"सुईला कसला उपास?"

सरूबाई जी सुटली, ती अनवाणीच एस्टीत जाऊन बसली. जाताना वाटंत भेटंल त्याला सांगत गेली. सांजच्यापतुर सुईचा दाभण झाला, दुसऱ्या दिवशी दाभणाची पहार. तळपायात घालत्यात आन टाळूतनं काढत्यात म्हणं!

डॉक्टर आठवड्यातनं एकदा यायचा. जानकाबाई त्यानं दिलेली विडी मात्र रोज दारात पेटवून ठेवायची. धूर दिसला की लोकं पलीकडच्या आळीनं जायची. ही इकडं दुपारभर घोरायची, उठून भाकरी मागायची.

महिन्याभरानं पेशी वाढल्या. पुण्याला डोस मिळाला. सुयांच्या डॉक्टरची छाती फुगली.

"बघा मावशी, आपल्या सुयांचा गुण!"

"तर वो," जानकाबाई म्हणाली. "मला टोचून काय झालं ते देवाला ठावं. पावण्यांना मात्र न टोचताच लागू पडल्या."